दुखल्यासारखं

नगराळे मॅडम समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नसत. पायांकडे बघत. कोणी दारात येऊन उभं राहिलं, की त्यांची नजर जमिनीवर जायची, तिथून घोट्यांवर, मग गुडघ्यांवर, आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्या माणसाबद्दल त्यांचं काहीतरी ठरून गेलेलं असायचं. कॉलेजात नव्याने आलेल्यांना वाटे, बाई फार संकोची आहेत, नाहीतर फार गर्विष्ठ. माणूस कोणत्या पायावर भार देतो आणि कोणत्या पायावर देत नाही, एवढंच त्या बघत असत.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले ती मुलाखतीला. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन थोडी वर्षं झाली होती, जिकडे तिकडे नव्या पाट्या आणि खणलेले रस्ते होते. बिलासपूर रस्त्याला, सिलतऱ्याच्या अलीकडे, एक नवं फार्मसी कॉलेज निघालं होतं आणि त्यात संशोधन सहायकाची जागा होती. मी इंग्रजीतून उत्तरं पाठ करून गेले होते. मॅडमनी माझी प्रमाणपत्रं उघडलीही नाहीत. पायांकडे बघत म्हणाल्या, "उजव्या पायावर जोर नाही देऊन राहिली तू. काहून?"

मी गोंधळले. "मैम, सँडल नई है. काट रही है."

"आडनाव आपल्यातलं, अन् उत्तर हिंदीत?"

आमच्या रेल्वे कॉलनीत हे सगळ्याच मुलांचं होतं. आईबाबा मराठीत बोलणार, आम्ही हिंदीत उत्तर देणार, आणि शाळा इंग्रजी. मराठी मला पूर्ण समजत असे, पण तोंडाने बोलायची वेळ आली की दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटे. मी कसंबसं म्हटलं, "सँडल चावते."

"चावून राहिली," त्यांनी दुरुस्त केलं. "आता, या टायमाले चावून राहिली न? मंग तसं सांग. बस."

जागा मला मिळाली. का मिळाली, ते त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. "बाकीच्यायले पायाचं विचारलं तं काहीच नाही झालं म्हणे. एक तं लंगडत आला होता."

आमचं काम उंदरांच्या गुडघ्यांचं होतं. माणसाचा गुडघा झिजायला अर्धं आयुष्य लागतं, आणि तेवढं थांबायला प्रयोगशाळेकडे वेळ नसतो. म्हणून पांढऱ्या उंदराच्या गुडघ्यात सुईने एक रसायन सोडायचं. त्याने आतली कूर्चा मरते, काही आठवड्यांत हाडावर हाड घासू लागतं, आणि एका तरुण उंदराला म्हाताऱ्या माणसाचा गुडघा मिळतो. आमच्या विषयात याला मॉडेल म्हणतात. घरी मी तोच शब्द सांगितला, तर आईला वाटलं की आम्ही प्लास्टिकचे गुडघे बनवतो. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

मग मोजायचं. उंदराला एका काचेच्या तिरप्या पेटीत मागच्या पायांवर उभं करायचं. त्या दोन पायांखाली दोन वेगळे काटे असत. धडधाकट उंदीर दोन्हीकडे सारखा भार देतो. गुडघ्यात सुई दिलेला उंदीर ओरडत नाही, फारसा लंगडतही नाही. तो फक्त त्या पायावरचा भार हळूच काढून घेतो. औषध दिल्यावर भार परत आला, तर औषध लागू पडलं असं समजायचं.

पहिल्याच आठवड्यात एक उंदीर पेटीत सारखा पाय उचलत होता. मी म्हटलं, "मॅडम, याचा गुडघा दुखतोय."

"तुले सांगतलं त्यानं?"

"नाही."

"मंग? दुखते म्हणायचं नाही. दुखल्यासारखं वागते, असं म्हणायचं. आपल्याले वागणं दिसते. दुखणं ज्याचं त्याले."

हा नियम त्यांनी काढलेला नव्हता. या विषयात जगभर असंच लिहितात. पण इतर जण तो कागदावर पाळत, मॅडम बोलण्यातही पाळत. त्यावरून प्रयोगशाळेत थट्टाही चाले. ऑफिसातले वर्माजी ताप आला म्हणून सुट्टीचा अर्ज पाठवत, तेव्हा मॅडम अर्ज वाचून म्हणत, "वर्माजी तापल्यासारखे वागून राहिले." सगळे हसत. त्याही हसत, पण लगेच थांबत, जसं कोणी आतून हाक मारली असावी.

दुसरा एक शब्द मात्र त्या अजिबात लिहू देत नसत. प्रयोग संपला की उंदरांना मारावं लागतं, कारण गुडघा उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो. त्याला इंग्रजीत सॅक्रिफाइस म्हणतात. मॅडम तो शब्द दिसेल तिथे काट मारत. "बळी देव मागते. येथं कोणं मागतला? मारले, असं लिही." बाहेरून अहवाल तपासून यायचे तेव्हा कोणीतरी पुन्हा सॅक्रिफाइस केलेलं असायचं. त्या पुन्हा मारले करत.

आणि ते काम त्या स्वतः करत. आम्हा बाकीच्यांना त्यांनी ते कधी करू दिलं नाही. त्या दिवशी त्या डबा आणत नसत. घड्याळ काढून खिशात ठेवत, पाण्याचं पातेलं आणि स्वच्छ फडकं घेऊन आत जात, आणि दार लावून घेत. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी खिडक्यांच्या फटींतून सतत येत असे. सकाळचे पांढरे उंदीर दुपारपर्यंत राखाडी दिसत. मारायच्या आधी मॅडम प्रत्येकाला ओल्या फडक्याने पुसून घेत. याचं कारण शास्त्रात कुठेच नव्हतं.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. तेलीबांध्याजवळ तळमजल्याच्या घरात त्या आणि त्यांची आई राहत. तळमजला मुद्दाम घेतलेला, कारण आईला एकही पायरी चढवत नसे. तिला मॅडम माय म्हणत, म्हणून मीही माय म्हणू लागले. मायचं आयुष्य गोंदियाकडे बिड्या वळण्यात गेलं होतं. मांडीवर पानांचं सूप घेऊन, पाय दुमडून, उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. त्या बिड्यांवर मॅडम शिकल्या होत्या. आता मायचे पाय असे वाकले होते की उभी राहिली तर दोन गुडघ्यांमधून मांजर आरामात निघून गेलं असतं.

समता कॉलनीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं, गुडघे बदलायला हवेत, पण हृदय भूल सहन करणार नाही. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी किडन्या बिघडल्या, म्हणून त्याही बंद झाल्या. "डॉक्टरनं मायले एकच औषध लिहून देल्लं," मॅडम म्हणत. "सहन करणे. दिवसातून तीनदा, जेवणानंतर."

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा माय खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"ये वं पोट्टी. तुमी दोघी दिवसभर उंदराईचे गुडघे पाह्यता म्हने. कोनाचे जास्त दुखतेत? त्यायचे का माये?"

"तुमचे, माय," मी म्हटलं.

"हे बरी बोलते!" माय हसली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "अन् औषध देल्यावर थे बरे होतेत का?"

मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून शेकायच्या पिशवीत गरम पाणी भरत होत्या. "होतेत माय."

"मंग सोडून देता?"

पिशवीचं बूच लावायला त्यांना जरा वेळ लागला. "हो. सोडून देतो."

"कुठी?"

"कॉलेजच्या मांगं. वावरात."

"बेस करता. बिचाऱ्यायनं आपल्यासाठी दुखवून घेतलं."

माय डासही मारत नसे. हातावर बसला तर फुंकर घालून उडवून देई, आणि वर "जाय बाबा" म्हणे. मॅडम मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. अंधार पडायला लागला होता. रिक्षा थांबवून त्या म्हणाल्या, "तू आत काही ऐकलं नाही."

"नाही, मॅडम."

न ऐकल्यासारखं वागणं मला लहानपणापासून जमायचं.

आमची दोन्ही घरं एकाच विहारात जात. बुद्ध पौर्णिमेला मी त्यांच्या शेजारी बसले होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, एका सुरात पंचशील म्हणत होते. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं असतं. शेजारून मला आवाज आला नाही म्हणून मी हळूच बघितलं. मॅडमचे ओठ मिटलेले होते. दुसरं शील सुरू झालं तसे ते हलले, आणि शेवटपर्यंत सगळ्यांबरोबर हलत राहिले. नंतर प्रत्येक वेळी मी बघत गेले. प्रत्येक वेळी पहिल्याला ओठ बंद, दुसऱ्यापासून सुरू. मी कधी विचारलं नाही. मला विचारता येत नसे.

त्यांनी आपणहून सांगितलं. एका दुपारी त्या दार उघडून बाहेर आल्या, बेसिनपाशी हात धूत राहिल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चार शीलं मी पाळते. पयलं बाजूले ठेवलं आहे. यायच्या मरणातून एका माणसाचा गुडघा बरा होऊ दे. एकाच माणसाचा. मंग पयलं पण म्हणीन."

कोणत्या माणसाचा, ते विचारायची गरज नव्हती.

मी मात्र विहारात पहिलं शील मोठ्याने म्हणत असे. ते मला म्हणता यावं म्हणूनच त्या आम्हाला आत येऊ देत नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आम्ही ज्या औषधावर काम करत होतो ते एका झाडाच्या सालीतून काढलेलं होतं. आधीची बरीच औषधं वाया गेली होती. हे लागू पडलं. पेटीतल्या उंदराने दुखऱ्या पायावर भार दिला, आधी थोडा, मग जवळजवळ सारखा. मॅडमनी मला ओढत काट्यांसमोर नेलं. "पाह्य, पाह्य! टेकवला त्यानं! पुरा टेकवला!" दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पोहे-जलेबी खाऊ घातली. वर्माजी म्हणाले, "मैडम आज खुश जैसा बर्ताव कर रही हैं." मॅडम म्हणाल्या, "नहीं वर्माजी. आज सच्ची में खुश हूँ."

मायला ही बातमी कळलीच.

"मंग दे न मले."

"माणसावर झालं नाही माय अजून."

"मी मानूस नोहो का?"

"तुह्या किडन्या पाह्य. काही झालं मंग? आधी इस्पितळात थोड्या बायायले देऊ. थे ठीक राहिल्या, का मंग तुले."

माय बराच वेळ गुडघे चोळत राहिली. "उंदराले देते," ती म्हणाली, "अन् मले नाही देत."

मॅडमनी दिलं नाही. कपाटात होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. पण जे सिद्ध झालं नाही ते त्या कोणालाच देणार नव्हत्या, आणि मायला तर नाहीच.

रीतसर परवानग्या मिळाल्यावर एका इस्पितळात माणसांवरची चाचणी सुरू झाली. अर्ध्या जणींना औषध, अर्ध्या जणींना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली गोळी. कोणाला काय मिळतं आहे, हे शेवटपर्यंत ना त्यांना माहीत, ना आम्हाला. बहुतेक बाया आसपासच्या गावांतल्या होत्या. आल्या की बाकावर बसून छत्तीसगडीत दुखणं सांगत, "माड़ी पिराथे." पहिल्याच दिवशी मॅडमनी आम्हाला जवळ बोलावून बजावलं. "माड़ी म्हणजे आपली मांडी नाही. माड़ी म्हणजे गुडघा. मी नवीन आली होती येथं, तवा घरी भांडे घासाले एक बाई येत होती. रोज म्हणे, माड़ी पिराथे. मी मांडीले लावाले तेल देल्लं तिले. किती महिने! थे बिचारी गुडघ्यावर हात ठेवून सांगून राहिली, अन् मी नुसती कानानं ऐकून राहिली. समजलं तवा थे काम सोडून गेली होती. तवापासून मी तोंडाकडे पाह्यत नाही. पायाकडे पाह्यते."

आम्ही हसलो. त्यांनी गोष्ट हसायसाठीच सांगितली होती. तरी त्यांचे डोळे बाकावरच्या बायांच्या पायांवरच होते.

दर आठवड्याला बायांना प्रश्न विचारायचं आणि त्या दुखण्याला दहापैकी किती गुण देतात ते लिहायचं काम माझ्याकडे होतं. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की मी प्रश्न आधी पाठ करून जात असे, पण त्या बाया मला बसायला जागा करून देत. त्यांत बिसाहिनबाई नावाच्या एक होत्या. त्यांना मी तिथल्या रीतीने दाई, म्हणजे आई, म्हणत असे. आल्या की आधी माझीच चौकशी करत, जेवलीस का, रंग का उतरला. त्यांचं दुखणं दर आठवड्याला कमी होत होतं. त्या आता दुखण्याला आधीपेक्षा निम्मे गुण देत. मॅडमना मी सांगितलं तेव्हा जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं त्या कधी करत नसत.

शेवटच्या भेटीत मी बिसाहिनबाईंना सहज विचारलं, "गोळीने गुडघा बरा झाला ना, दाई?"

त्या संकोचून हसल्या. "माड़ी त वइसनेच पिराथे बेटी. फेर तैं हर हफ्ता पूछथस, त बने लागथे." गुडघा तसाच दुखतो, पण तू दर आठवड्याला विचारतेस, तर बरं वाटतं.

चाचणी संपली आणि कोणाला काय मिळालं होतं ते उघड झालं. औषधवाल्या बाया आणि रिकाम्या गोळीवाल्या बाया, दोन्हींत काही फरक नव्हता. दोन्ही गटांना थोडं थोडं बरं वाटलं होतं, सारखंच. बिसाहिनबाईंना रिकामी गोळी होती.

इस्पितळातले डॉक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, "होता है, मैडम. चूहे में चलता है, आदमी में नहीं चलता. सब जगह यही है." मॅडम त्यांच्या बुटांकडे बघत राहिल्या, मग आभार मानून उठल्या. परतताना रिक्षात रस्त्याच्या धुळीने आमच्या दोघींच्या ओढण्या तोंडावर होत्या. मग ओढणीतून त्यांचा आवाज आला.

"पोट्टे होते वं थे. तरणे उंदरं. आपण त्यायचे गुडघे जाळले, अन् त्याले म्हातारपण म्हटलं. मायचा गुडघा का एका सुईनं झिजला? त्याच्यात तिच्या बिड्या आहेत, उपास आहेत, माह्या फिया आहेत. थे कुठून आणणार होतो आपण उंदरात?"

 

कॉलेजने सुचवलं की उंदरांवरचा भाग चांगला आला आहे, तेवढाच छापू. मॅडमनी दोन्ही भाग एकत्र पाठवले, लागू पडलं तेही आणि पडलं नाही तेही. कोणी छापायला तयार झालं नाही. कॉलेजचं पुढचं काम दुसऱ्यांकडे गेलं.

पण एक गोष्ट उरली होती. निकाल येण्याआधीच आम्ही उंदरांच्या एका नव्या तुकडीला गुडघ्यात सुया दिल्या होत्या. आता त्यांचा प्रयोगच उरला नव्हता. नियमाप्रमाणे त्यांना ठेवताही येत नव्हतं. त्या सकाळी मॅडम डबा न आणता आल्या, घड्याळ काढलं, पातेलं भरलं. मी दाराशी होते. पिंजऱ्यात उंदीर एका बाजूला कलून उभे होते, सगळेच, दुखरा पाय जेमतेम टेकवून. काळी भुकटी त्यांच्या पाठीवर बसली होती.

मी विचारलं, "मॅडम, एकदा पेटीत मोजून घ्यायचं का?"

"मोजून काय करू?"

त्या पिंजऱ्यासमोर उभ्या राहिल्या. फडकं पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं.

"यायले दुखते," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत उंदरांबद्दल तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी वाट बघत राहिले की त्या तो दुरुस्त करतील.

"दुखते यायले," त्या पुन्हा म्हणाल्या. "जा तू. दार लावून घे."

मायला त्यांनी निकाल सांगितला नाही. माय विचारायची, "झालं का वं औषध?" आणि मॅडम सांगायच्या, "होऊन राहिलं." त्या हिवाळ्यात मायने खाट धरली. कूस बदलायची तर दोघीतिघी लागत. तरी ती कण्हत नसे, फक्त दात आवळून घेई. मी भेटायला गेले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. मॅडम तिचे गुडघे शेकत होत्या.

"राहू दे वं," माय हळू आवाजात म्हणाली. "मले नाही भेटलं औषध तं नाही भेटलं. थे तं बरे झाले ना? थे उंदरं?"

"हो माय."

"थे तं सुटले."

"हो माय. सुटले."

मायच्या तोंडावर समाधान दिसलं. त्या आठवड्यात तिचं हृदय थांबलं.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. मायला ओळखणारे पुष्कळ होते. गोंदियाहून मॅडमचे भाऊ आले होते. विहाराच्या मंडळातल्या ज्येष्ठांनी आपुलकीने म्हटलं, "ताई, लेक म्हणून आज तुम्हीच म्हणा. आम्ही तुमच्या मागून म्हणतो." मॅडमनी मान हलवून नको म्हटलं, पण तोवर सगळे हात जोडून त्यांच्याकडे बघत होते. त्या उभ्या राहिल्या. वंदना म्हटली. त्रिशरण म्हटलं. आवाज स्थिर होता. मग पंचशीलाची वेळ आली, आणि त्या थांबल्या.

सगळे थांबले. वरचा पंखा फिरत होता. मॅडमचं तोंड किंचित उघडलं आणि पुन्हा मिटलं. आज मागे लपायला कोणाचा आवाज नव्हता. आणि पहिलं वगळून दुसऱ्यापासून सुरू करताही येत नव्हतं, सगळ्यांसमोर, मायच्या फोटोसमोर. मागे कोणीतरी स्फुंदून रडलं. पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "राहू द्या बाप्पा, दुःख मोठं हाय पोरीचं," आणि त्यांनीच पहिलं शील सुरू केलं. सगळ्यांनी त्यांच्यामागून म्हटलं. मॅडम उभ्याच होत्या. दुसरं झालं, तिसरं झालं, पाचही झाली. या वेळी त्यांचे ओठ एकदाही हलले नाहीत.

मी त्यांच्या अगदी जवळ होते. त्या दिवशी मलाही पहिलं शील म्हणता आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली आणि गोंदियाला भावाकडे जायचं ठरवलं. मी स्टेशनवर पोहोचवायला गेले. सामान फार नव्हतं. मला खूप काही बोलायचं होतं, रात्रभर मी मराठीत वाक्यं जुळवली होती, आणि फलाटावर त्यातलं एकही बाहेर येईना. मॅडमनीच विषय काढला. "हिंदीत बोल, चालते. पण बोलत जा वं. बिसाहिनबाई म्हणे ना, विचारलं तं बरं वाटते. तेवढंच एक औषध निघालं आपल्या हातून."

गाडीची घोषणा झाली. त्या बॅग उचलायला वाकल्या आणि उठताना क्षणभर माझ्या मनगटाचा आधार घेतला. मी खाली बघितलं. त्यांचा सगळा भार डाव्या पायावर होता. उजवा पाय नुसता टेकवलेला होता, जेमतेम, पेटीतल्या काट्यावर टेकवावा तसा. कधीपासून तो तसा असेल, कोण जाणे. त्या सगळ्यांचे पाय बघत आल्या, आणि त्यांच्या पायांकडे आमच्यातल्या कोणी बघितलंच नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "उजव्या पायावर जोर नाही देऊन राहिल्या तुम्ही. काहून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी पायांकडे नाही, सरळ चेहऱ्याकडे.

"काही नाही वं," त्या म्हणाल्या. "चप्पल चावून राहिली."

त्या डब्यात चढल्या, दांडी धरून, आधी डावा पाय, मग उजवा ओढून घेत. मी चपलेकडे बघत होते. ती मायची चप्पल होती, जुनी, मऊ पडलेली, टाचेकडे झिजून पार चपटी झालेली. ती चावणं शक्य नव्हतं.